मोठ्यानं वाचायचं पत्र

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी १९७१

नजीरा,

वर ‘प्रिय’ लिहिलं नाही. लिहून खोडण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

‘मला पत्र लिहू नकोस’ असं म्हणून तू पुण्याच्या गाडीत बसलीस, त्याला आठ महिने झाले. मी लिहिलं नाही. म्हणजे माझ्या नावानं लिहिलं नाही. दर पंधरा दिवसांनी तुझ्या अब्बांच्या नावानं तुला जे इनलँड येतं, त्यातलं अक्षर कुणाचं हे तुला सांगायला नको. इमामचाचा खाटेवर बसून सांगतात, मी लिहितो. ‘इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली कळवणे. नर्सिंगचा अभ्यास मन लावून करणे.’ दर वेळी तेच. मी एकदा म्हटलं, "चाचा, ह्याचा एक शिक्काच करून घेऊया की." तर म्हणाले, "डोस्कं चालवू नगंस, हात चालीव."

तुझं उत्तर आलं की तेही मीच वाचून दाखवतो. चाचा डोळे मिटून ऐकतात. हाफिजाचाची चुलीपुढून उठून उंबऱ्यावर येऊन बसते. तुझ्या पत्रात आमच्या अब्बांच्या दम्याची चौकशी असते, पलीकडच्या धोंडुबाईच्या शेळीचीसुद्धा असते. माझ्या नावाचं अक्षर नसतं. म्हणून एक गुन्हा कबूल करून टाकतो. दिवाळीपासून तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी एक ओळ पदरची वाचतो. ‘रशीदला सलाम.’ चाची माझ्याकडे बघून मान डोलावते, आणि तू न पाठवलेला सलाम मी खाली मान घालून घेतो.

रागावलीस? रागाव. निदान माझ्यावर रागाव तरी.

त्या जोतीरामला मी कॉलेजच्या पायऱ्यांवर मारलं, ते तो तुला ‘कसायाची पोर’ म्हणाला म्हणून. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग नाहीतर नाव काढून घे. मी नाव काढून घेतलं. आणि तू स्टँडावर काय म्हणालीस? "माझ्यासाठी तुला मारामारी करता आली रशीद, माझ्यासाठी माफी मागता आली नाही." हे वाक्य मी आठ महिने अब्बांच्या शिलाई मशीनच्या पायडलखाली दाबतोय. चेपत नाही.

तू गेल्यावर श्रावणात आमचे अब्बा तुझ्या घरी गेले होते. कशाला, ते ओळख. तुला कुणी सांगितलं नसणार. चाचा म्हणाले, "बादशहाभाई, आलासा, चा घ्या. पर पोरगी मागू नगासा. माझी पोर नर्स हुणार हाय. तुमच्या पोरानं कालेज सोडलं, हात उगारला. त्याला म्हणावं, दुनियेची कापडं शिवतोस, आदी सोताचं फाटलंय ते शीव." गल्लीच्या नळावर बायका होत्या, त्या हसल्या. मी अब्बांच्या मागंच उभा होतो. चारच दिवसांनी चाचांची हाक आली, "रशीद, इनलँड आणलंय, ये." जसं काही झालंच नाही. आणि मी गेलो. इनलँडवर तुझं नाव लिहायला मिळतं, एवढ्याचसाठी गेलो.

बकरी ईद झाली. गंगावेशीतलं कुणी ना कुणी तुला कळवेलच, त्याआधी मीच सांगतो. यंदा चाचांनी सुरी हातात घेतली नाही. तुझा मामेभाऊ मौला कबनूरहून आला होता, त्यानं सगळं केलं. चाचा खुर्चीवर बसून नुसतं सांगत होते. थोडा अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.

रशीद


मिरज,
६ मार्च १९७१

नजीरा,

चाचांबरोबर मिरजेला आलोय. बोकडांच्या खरेदीसाठी. आठवडाभर मुक्काम आहे. काल पांढऱ्या कपड्यातल्या चार पोरी कॉरिडॉरमधून हसत गेल्या. त्यातली एक तुझ्यासारखी मान वाकडी करून चालत होती. मी इतका बघत राहिलो, की म्हातारी सिस्टर म्हणाली, "ए, पेशंट तू आहेस का तुझा बाप?"

बोकडांच्या खरेदीत कॉरिडॉर आणि सिस्टर कुठून आली, असं तू विचारशील. खोटं बोलायलाही डोकं लागतं. ते माझ्याकडे नाही.


त्याच कागदावर, १९ मार्च

वरचं पान टाकलं नाही. तुझी परीक्षा ऑक्टोबरात. ‘तवर नजीला कायबी कळवायचं न्हाय’ असं चाचांनी मला त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं. आज मी शब्द मोडतोय. दोन दिवस त्यांच्या अंगात ताप होता आणि तापात ते फक्त ‘नजी’ म्हणत होते. शुद्धीवर माणूस शपथ घालतो आणि तापात स्वतःच मोडतो, तर मी कुणाचं ऐकू?

चाचांना कॅन्सर आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटी, गुदद्वाराच्या जरा वर. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी बोट घालून तपासलं आणि लगेच मिरजेला पाठवलं. अकरा तारखेला ऑपरेशन झालं. गाठ काढली. खालची वाट कायमची शिवून टाकली, आणि पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढलं. आता शौच तिथून होणार. त्यावर पिशवी बांधायची. तू शिकते आहेस, तुला त्याचं इंग्रजी नाव माहीत असेल. चाचांनी शुद्धीवर आल्यावर पांघरूण वर करून बघितलं. मग म्हणाले, "तीस वरसं बोकडाची आतडी धुतली मी. आता माझंच आतडं मला बघाय लागलंय."

मी हसलो. मग बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिलो.

मोठे डॉक्टर भले आहेत. मी विचारलं, हे मटणामुळं झालं का? ते म्हणाले, "अमुकच एका गोष्टीमुळं झालं असं सांगता येत नाही. पण ज्यांच्या ताटात रोज मांस आणि भाजी नावाला, त्यांच्यात हे जास्त दिसतं, असं काही डॉक्टरांना वाटायला लागलंय. घरात आधी कुणाला होतं?" चाचा म्हणाले, त्यांचे वडील रक्ताच्या हगवणीनं गेले. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "हगवण होती का आणखी काही, आता कोण सांगणार? मुलं आहेत? मग त्यांनी पुढं सांभाळून राहायचं. शौचाच्या सवयीत फरक पडला, रक्त दिसलं, तर लाजायचं नाही." हे तुझ्यासाठी आहे, नजीरा. लक्षात ठेव.

मग डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून पडत होतं?" चाचा म्हणाले, "झालं की म्हैना-दोन म्हैने. मला वाटलं मूळव्याध." डॉक्टर म्हणाले, "सहा-आठ महिने आधी आला असतात, तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं. कदाचित."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

तू ये. मी लिहिलंय म्हणून नाही, ते हाक मारतायत म्हणून.

रशीद


कोल्हापूर,
२ मे १९७१

नजीरा,

तुझं पत्र मिळालं. माझ्या नावाचं. पोस्टमन पिराजी मशीनजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "आरं रशीद, बघ की, आज तुज्या नावानं आलंय, चाच्याच्या न्हवं!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. अब्बांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा काज करायला लागले. तेरा ओळी आहेत. त्यातल्या नऊ चाचांच्या जखमेबद्दल आहेत. उरलेल्या चार मला पाठ आहेत.

तू आलीस आणि नऊ दिवस राहिलीस. नऊ दिवसांत आपण एकटे किती वेळ बोललो, तर औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन येण्याएवढं. तरी मला अजून गल्लीच्या तोंडाशी तुझी चप्पल वाजल्यासारखी वाटते. काल एका बाईचा ब्लाउज दोनदा उसवला. बाह्या उलट्या लागल्या होत्या.

चाचांनी पहिले दोन दिवस तुला जवळ येऊ दिलं नाही, ते तुला लागलं. मला दिसलं. "पोरीनं बापाची घाण बघायची न्हाय" असं ते म्हणाले, तेव्हा तू म्हणालीस, "अब्बा, तुम्ही ज्यासाठी मला पुण्याला घातलंत, ते हेच काम आहे." तरी ते पांघरूण धरूनच बसले. शेवटी तू रडली नाहीस, भांडली नाहीस, फक्त विचारलंस, "हा पट्टा कुणी शिवला?"

त्या पट्ट्याबद्दल तू जे म्हणालीस ते लिहीत नाही. लिहिलं तर संपेल. दवाखान्यातून एकच रबरी पिशवी मिळाली होती. तिची दोरी कमरेला कापायची आणि बसलं-उठलं की पिशवी सरकायची. चाचा घराबाहेर पडायला तयार नव्हते. "वास यील, लोकं नाक धरतील. तीस वरसं लोकं माझ्या दुकानापुढं रांग लावत्यात, आता नाक धरून जातील व्हय?" मग मी मांजरपाटाचे तीन थर घेतले, मधे गोल कापून पिशवीची रिंग बसेल असं काज केलं, मागं दोन बटणं, बाजूला नाडी. पहिला फसला. दुसरा घट्ट झाला. तिसरा बसला. तू त्या काजावरून बोट फिरवलंस. मी खिळ्यासारखा उभा होतो.

आणि मग तू चाचीला विचारलंस, "अम्मी, एवढं रक्त जात होतं, तुझ्या कसं लक्षात आलं नाही? कपडे तूच धुतेस ना?"

चाची काय म्हणाली ते तुझ्याइतकंच मलाही आठवतं. "बेटा, मी लगीन झाल्यापास्नं रक्ताचीच कापडं धुतिया. त्यातलं बोकडाचं कंचं आन् तुज्या बाचं कंचं, मला कसं कळावं?"

तू तिला पोटाशी धरून रडलीस. कसायाच्या घरात कुणाला रक्ताची भीती वाटत नाही. म्हणून कुणी बघितलं नाही. तू मला म्हणालीस, "कुणाचाच दोष नाही रे." मी तेव्हा सुईत दोरा ओवत होतो. तीनदा चुकला.

पत्र लवकर लिही.

रशीद


कोल्हापूर,
२० जून १९७१

नजीरा,

आज चाचांच्या खाण्याची हकीकत लिहितो. पुस्तकातल्या आहाराचं आमच्या गल्लीत काय होतं ते तुला कळू दे.

तू लावलेला आहाराचा कागद चुलीवरच्या भिंतीला आहे. पहिले दोन महिने मऊ भात, ताक, मुगाचं पाणी झालं. आता ज्वारीची भाकरी, पोकळा, दोडका, पडवळ सुरू आहे. कोबी आणि पावटा नको, पिशवी फुगते. एकदा फुगली. नेमके दारात पाहुणे. चाचा म्हणाले, "बसा पावणं, माझं पोट तुमच्याशी बोलाय लागलंय." पाहुण्यांना हसावं की उठावं कळेना.

मटण आठवड्यातून एकदा, चार फोडी, रस्सा पातळ. चाचांच्या ताटात चार फोडी! ज्यांना सकाळी कलेजी आणि दुपारी चाप लागायची त्यांच्या! पहिल्या दिवशी पोकळा वाढला तर ताट सरकवलं. "पाला बोकडानं खायाचा, बोकड म्या खायाचा. म्हंजी पाला माज्या पोटात जातुयाच की, बोकडातनं!" चाची म्हणाली, "मग आता बोकडाला मधनं काढा."  त्या वेळी मला चाचीची पहिल्यांदाच भीती वाटली.

त्यांना वाकवलं ते आकारामदादांनी. वडणग्याचे, म्हशीवाले, पिढ्यान् पिढ्या तुमच्याच दुकानातलं गिऱ्हाईक. एका शुक्रवारी सायकलला पोकळ्याच्या दोन जुड्या आणि पडवळ बांधून दारात उभे. "मुलाणी, तीस वरसं तुज्या हातचं खाल्लं. ह्यो वाटा हाड, त्यो वाटा चरबी, कधी कुरकुर क्येली न्हाय. आता माज्या हातचं खा. आन् खाल्लं न्हाईस तर पुढच्या म्हाईला दुसरा मुलाणी बघतो." देवीच्या म्हाईचं बोकड कापण्याचा मान तुमच्या घराचा, तुझ्या पणजोबांपासूनचा. चाचांनी जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली, मटण बघावं तशी. म्हणाले, "द्येठ निबार हायत." आणि संध्याकाळी खाल्ला. तेव्हापासून दर शुक्रवारी आकारामदादा येतात आणि चाचा दर शुक्रवारी पाल्यात खोड काढतात. दोघंही त्या भांडणाची वाट बघत असतात.

नमाजाचं त्यांना फार लागलं होतं. पोटावर पिशवी घेऊन कसं उभं राहायचं, पाक कसं राहायचं? तीन महिने मशिदीत गेले नाहीत. आपली घाण आपल्या हाती नसलेला माणूस खुदासमोर कसा जाणार, असं म्हणायचे. मी मौलवीसाहेबांना बोलावून आणलं. ते म्हणाले, "इमामभाई, तुम्ही माजूर आहात, आजाऱ्याला सूट असते. दर नमाजाला नवा वजू करा आणि या. पिशवी तुम्ही बांधली नाही, बांधावी लागली." गेल्या शुक्रवारी गेले. मागच्या रांगेत कडेला उभे राहिले. मी शेजारी होतो. नमाजाच्या शेवटी सलाम फिरवून होईस्तोवर त्यांचा डावा हात पट्ट्यावर होता.

परत येताना हौदापाशी टेकले. म्हणाले, "डाक्टर म्हणतोय दोन वरसं ग्येली की पुढचं बोलू. दोन वरसं म्हंजी किती इदी रे?" मी म्हटलं, "चार. दोन रमजानच्या, दोन बकरी ईद." ते बोटावर मोजत राहिले.

आता तुझ्या पत्राबद्दल. चाचांच्या नावानं आलेल्या. शेवटी तू खरंच लिहिलंस. ‘रशीदला सलाम.’ मी ते वाचलं. आणि सवयीनं पुढं माझी ओळही वाचली. ‘रशीदला सलाम.’ चाची म्हणाली, "आगं बया, आज दोन-दोन?" चाचांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. पण मिशीत काहीतरी हललं.

नजीरा, अंगणात उभं राहून मी पुण्याच्या दिशेला बघतो. मधे धोंडुबाईचं कौलारू छप्पर येतं, म्हणून पुणं दिसत नाही. नाहीतर दिसलं असतं.

रशीद


कोल्हापूर,
११ ऑगस्ट १९७१

नजीरा,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. आधी हे वाच. दुसरं इनलँड चाचांचं आहे, माझ्याच अक्षरातलं. ते आत्ता उघडू नको.

श्रावण चालू आहे. दुकानाच्या फळ्या लावलेल्या आहेत. दरवर्षीसारखंच. दुकानाचं सगळं गिऱ्हाईक श्रावण पाळणारं, दोन घरांसाठी बोकड कापून उरलेल्याचं काय करायचं, म्हणून तुझ्या आजोबांपासून हा महिना दुकान बंद. दुकान सांभाळणारा मौला महिन्यापुरता कबनूरला यंत्रमागावर कामाला गेलाय. सुऱ्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. सगळा महिना त्या घरात रक्ताचा थेंब नसतो. हे तुला माहीत आहे. तरी मुद्दाम लिहितोय.

काल चाचांनी हाक मारली. "इनलँड आणलंय, ये." मी पेन घेऊन बसलो. ‘इकडे सर्व खुशाल’ आपोआप लिहून टाकलं. चाचा म्हणाले, "त्ये र्‍हाऊ दे. आता म्या सांगतो तसं लिव्ह." आणि सांगायला लागले. ‘बेटी नजीरा, मी बादशहा टेलरच्या पोराला गेल्या साली दारातनं परत धाडला. माझं चुकलं. बाप कापडं शिवतो, पोरगं माणूस शिवतंय. माझ्या ज्या घाणीकडनं माझ्या बायकोनं तोंड फिरवलं, तिला ह्यानं हात लावला. तुझी परीक्षा झाली की ये. तुझ्या मनात असंल तर मी हाय तोवर निकाह करून देतो. मनात नसंल तर तसं लिव्ह. जबरदस्ती न्हाय.’

माझ्याच लग्नाची मागणी मीच लिहीत होतो. ‘माणूस शिवतंय’ लिहिताना हात थांबला. चाचा म्हणाले, "का रं, शाई संपली व्हय?"

शाई संपली नव्हती, नजीरा.

मागचा श्रावण आठव. तू नव्हतीस इथं, पण मी तुला लिहिलंय, अब्बा मागणी घालायला गेले, चाचा काय म्हणाले, बायका कशा हसल्या. त्याच्या आधी, श्रावणातच, दुकान बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी, मी चाचांना पांढरा लेंगा शिवून दिला होता. कोरा. घडी मोडून मीच दिला. मागणीनंतर आठवडाभरानं चाचीनं तोच लेंगा पाठवला, नेफा उसवलाय म्हणून. धुतलेला होता. मी तो उलटा केला. मागच्या शिवणीला आतून रक्ताचा डाग होता. तपकिरी, तळहाताएवढा. धुऊन फिकट झालेला, पण शिंप्याला डाग ओळखता येतो. आमच्याकडं येणाऱ्या दर दहा कपड्यांत एकावर असतो.

चाचीला कळलं नाही, कारण ती तीस वर्षं तेच धुते. पण मला कळलं. मला एकट्यालाच कळू शकत होतं. तो लेंगा ज्या दिवसापासून त्या घरात होता, त्या दिवसापासून त्या घरात बोकड कापलेलं नव्हतं.

मी काय म्हणालो सांगू? मोठ्यानं नाही, मनात. म्हणालो, ‘मूळव्याध झालीय म्हाताऱ्याला. भोगू दे. सोताचं फाटलंय ते शिवू दे आधी.’ आणि नेफा शिवून, घडी घालून परत पाठवला. पंधरा दिवसांनी दुसरा लेंगा आला. त्यावरही होता. तेव्हाही मी काही बोललो नाही. त्याच आठवड्यात तुझ्या अब्बांच्या शेजारी बसून मी तुला लिहिलं, ‘इकडे सर्व खुशाल.’

ऑगस्ट ते फेब्रुवारी. सहा महिने. डॉक्टर म्हणाले तेवढेच.

मग मिरजेला डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी खाटेशी उभा होतो. बोललो नाही. मग तू चाचीला विचारलंस. तिथंही मी होतो. तू म्हणालीस, कुणाचाच दोष नाही. मी दोरा ओवत राहिलो. मला वाटलं, पट्टा शिवला, पिशव्या धुतल्या, दोन वेळा त्यांना आंघोळ घातली, आता फिटलं असेल. शिवणीत एक गोष्ट असते नजीरा. आतली शिवण चुकली असेल तर वरून कितीही इस्त्री कर, अंगात घातल्यावर ओढतेच. काल चाचा सांगत होते आणि मी लिहीत होतो, तेव्हा ओढलं.

डॉक्टर ‘कदाचित’ म्हणाले होते, हे मला ठाऊक आहे. त्या ‘कदाचित’ला मी पाच महिने धरून बसलोय. कदाचित मी बोललो असतो तरी चाचा डॉक्टरकडं गेलेच नसते, माझ्याच अंगावर धावून आले असते. कदाचित. पण मी बोललो नाही, ह्यात कदाचित काही नाही.

कॉलेजात माफी मागायला सांगितली तेव्हा मी नाव काढून घेतलं. आता कुठून नाव काढून घेऊ? म्हणून मागतो. तुझी आधी. मला माफ कर. चाचांची मागायला आज सकाळी गेलो होतो. ते पट्टा बांधायला पोट पुढं करून उभे राहिले, "जरा ढिला कर रं, आकारामच्या पोकळ्यानं वजन वाढलं" म्हणाले. मी ढिला केला आणि परत आलो. एवढाच मी आहे.

चाचांना सांगायचं की नाही, हे मी तुझ्यावर सोपवतो. जखम बघून कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, हे शिकायलाच तू गेली आहेस. मला ते कधी कळलं नाही.

आता दुसरं पत्र उघड. त्यातला शब्द न् शब्द चाचांचा आहे. मी फक्त लिहिलाय. त्याचं उत्तर तू त्यांच्या नावानंच लिहिशील, आणि ते नेहमीसारखं माझ्याकडंच वाचायला येईल. पिराजी इनलँड देईल. चाचा खाटेवर डोळे मिटून बसतील. चाची उंबऱ्यावर येईल. मी फोडीन.

तू त्यात जे लिहिशील ते मी मोठ्यानं वाचीन. ‘हो’ लिहिलंस तर ‘हो’. ‘नाही’ लिहिलंस तर ‘नाही’. आणि त्या लेंग्याची गोष्ट लिहिलीस, तर तीही, माझ्याच तोंडानं, चाचांच्या समोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एक शब्द गाळणार नाही.

शेवटी सलाम नसला, तर माझ्या पदरचाही वाचणार नाही.

रशीद